एकाच घरात दोन चुली

दोन भाऊ वेगळे झाले म्हणजे एकाच छपराखाली दोन चुली पेटतात. परंतु चुली दोन झाल्या तरी वाड्याचे दार एकच राहिले, तर एकाकडे शिरलेला चोर दुसऱ्याच्याही कणगीपर्यंत पोहोचतो. ही गोष्ट आम्हांस अलीकडे आठवली, ती आमच्या कार्यालयातील संगणकामुळे.

येथे बेल्यास आमच्या कार्यालयात संगणक एकच. कुटुंबांच्या नोंदी, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार कार्डांच्या प्रती, असा लोकांचा ठेवा त्यात आहे. गावातील एका तरुणास संगणकविद्या शिकावयाची होती. आणि निरनिराळे प्रोग्राम बसवून पाहिल्यावाचून ती येत नाही. "फादर, तुमच्या फायलींना मी हात लावणार नाही," असे तो म्हणाला. त्याच्या शब्दावर आमचा विश्वास होता. परंतु इंटरनेटवरून येणाऱ्या अपायावर त्याचा तरी काय ताबा? नको म्हणावे तर त्याचे शिक्षण थांबते. होय म्हणावे तर इतरांची ठेव धोक्यात येते.

यावर उपाय म्हणून आम्ही व्हर्च्युअल मशीन बसविले. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. मूळ संगणक तो यजमान, आतला तो पाहुणा. ही युक्ती जुनीच आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली आपल्या मोठ्या यंत्रांसाठी अशी प्रणाली जाहीर केली होती. आज व्हर्च्युअलबॉक्ससारखा प्रोग्राम विनामूल्य मिळतो.

तरुण आनंदला, आम्हीही निश्चिंत झालो. आणि चुकलो तेथेच. सुरुवातीस अशा प्रोग्रामात ‘नॅट’ ही पद्धत लावलेली असते. तीत पाहुण्याची सारी ये-जा यजमानाच्याच जोडणीवरून होते, आणि त्या जोडणीवरील इतर संगणकांपर्यंतही त्यास पोहोचता येते. चुली दोन, दार एकच!

एका दाराने काय होते, हे जून २०१७ मध्ये जगाने पाहिले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्राम पसरला. मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात तो शिरला, आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचेही काम खोळंबले. अंतर हजारो किलोमीटरांचे. पण जाळे एक होते.

तेव्हा दारही वेगळे हवे. संगणकास दुसरे नेटवर्क कार्ड जोडावे. यूएसबीला लागणारे साधे कार्डही चालते. त्याची केबल मात्र वेगळ्या जोडणीच्या राउटरला लावावी. दोन्ही केबली एकाच साध्या राउटरला लावल्या, तर दोन दारे पुन्हा एकाच अंगणात उघडतात. नंतर व्हर्च्युअलबॉक्समध्ये पाहुण्यास ‘ब्रिज्ड अडॅप्टर’ निवडून हे दुसरे कार्ड द्यावे. शेवटी यजमानाच्या विंडोजमध्ये त्याच कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन इंटरनेट प्रोटोकॉल ४ व ६ यांपुढील खुणा काढाव्यात; तसेच फाइल-वाटपाचीही. व्हर्च्युअलबॉक्सच्या ब्रिज्ड नेटवर्किंगची खूण तेवढी राहू द्यावी. मग त्या कार्डावर यजमानास पत्ताच उरत नाही. तो रस्ता केवळ पाहुण्याचा. सामायिक फोल्डर व सामायिक क्लिपबोर्ड हेही बंद करावेत. भिंतीतील ती भोकेच होत.

इतके करून विसंबू नये. पहिली केबल काढून पाहावी: यजमानाचे इंटरनेट थांबले पाहिजे, पाहुण्याचे चालू राहिले पाहिजे. दुसरी काढली म्हणजे याच्या उलट घडले पाहिजे. अर्थात कोणतीही भिंत अभेद्य नसते. म्हणून दोन्ही प्रणाली अद्ययावत ठेवाव्यात, आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत संगणकापासून अलग काढलेल्या डिस्कवर असावी.

तो तरुण आता सायंकाळी निःशंकपणे अभ्यास करतो. प्रारंभी तो किंचित दुखावला होता. आपल्यावर फादरांचा विश्वास नाही, असे त्यास वाटले. आम्ही त्यास सांगितले, "बाळा, सख्ख्या भावाच्या घरीही आपण रात्री दारास कडी लावूनच निजतो. ती कडी भावासाठी नसते." मग त्याने स्वतःच दोन्ही केबली आळीपाळीने काढून आम्हांस परीक्षा करून दाखविली.