उपचार घरच्यांनाही हवेत

देहूपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात नवऱ्याचा खाडा ‘ताप आला’ असे सांगून झाकणारी आणि किराण्याची थकलेली उधारी सासरपासून लपवणारी पत्नी हळूहळू त्याच्या व्यसनाभोवतीच जगू लागते. या अवस्थेला सहअवलंबित्व म्हणतात, आणि तिचा सोशिकपणा म्हणून गौरव करणे हा समाजाचा सोयीस्कर अन्याय होय. डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवून हे दुखणे ओळखले. अमेरिकेत १९५१ मध्ये स्थापन झालेली अल-अनॉन ही नातेवाइकांची संघटनाही, व्यसनी माणूस दारू सोडो वा न सोडो, घरच्यांना सावरता येते असेच मानते. कारखान्यांच्या कामगार कल्याण अधिकाऱ्यांनी गैरहजेरीच्या नोटिशीबरोबर अशा गटाचा पत्ताही घरी धाडावा, आणि बैठका पाळ्यांच्या वेळा पाहून देहूतच भरवाव्यात.