एल-फोर, एल-फाइव्ह आणि वीस लिटरचा जार

सांगायला लाज वाटते, पण माझी कंबर गेली ती मोजा घालताना. जिममध्ये वजनं मारताना गेली असती, साल्हेर चढताना गेली असती, तर निदान ऑफिसात सांगायला काहीतरी भारी असतं. मंगळवारची सकाळ, आठ वाजलेले, मी सोफ्याजवळ एका पायावर उभा. मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे अडकवलेला, पलीकडे बॉस. "ते प्रेझेंटेशन दहाच्या आत पाठव." मी "हो सर" म्हटलं आणि त्याच क्षणी डावा मोजा वर ओढला. कमरेत अशी काही कळ आली की पुढची पंधरा मिनिटं मी इंग्रजी 'एल'सारखा वाकलेला होतो. बॉसला वाटलं रेंज गेली.

आईचं निदान फोनपेक्षा फास्ट. "उसण भरली." आणि उसण म्हटलं की पुढची ट्रीटमेंट ठरलेली: पायाळू माणूस शोधा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पायाळू म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेला माणूस. त्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते अशी समजूत. आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्या काकू पायाळू निघाल्या. मी एमबीए माणूस हॉलमध्ये पालथा पडलोय आणि काकू पदर खोचून माझ्या कमरेला तीनदा पाय लावतायत, हे दृश्य बायकोने मोबाइलवर शूट केलंय. ब्लॅकमेलसाठी जपून ठेवलंय म्हणते.

गंमत म्हणजे शुक्रवारी मला बरं वाटलं. काकूंचा भाव सोसायटीत वधारला. मधल्या काळात मी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे पाच मिनिटांत एमआरआय लिहून मिळाला आणि रिपोर्टमध्ये आलं, एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज. मराठीत, मणक्यातली गादी सरकली. मी मनात व्हीआरएस घेतली. एकतिसाव्या वर्षी!

मग मित्राने त्याच्या ओळखीच्या एका सीनियर डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी भलतेच प्रश्न विचारले. लघवीवर ताबा आहे ना? दोन मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा? पायातली ताकद गेलीय का? ताप, अचानक घटलेलं वजन, कुठे पडलात? यातलं काहीही 'हो' असेल तर लगेच डॉक्टर गाठायचा, तिथे पायाळू काकू चालत नाहीत. माझं सगळं 'नाही' निघालं. मग ते म्हणाले, "तुमच्या बल्जचं एवढं कौतुक नका करू. रस्त्यावरून धडधाकट माणसं पकडून आणली तरी निम्म्यांत निघेल."

मला वाटलं धीर देतायत. घरी येऊन शोधलं तर १९९४ साली अमेरिकेत नेमकं हेच करून पाहिलंय. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्क्यांच्या निदान एका डिस्कला बल्ज! सगळ्या डिस्क नॉर्मल असलेले जेमतेम ३६ टक्के. म्हणजे माझा बल्ज कदाचित दहावीपासून माझ्यासोबत सुखाने नांदत असेल. कंबरदुखीच्या दहापैकी नऊ केसेसमध्ये अमुक एका बिघाडावर बोट ठेवताच येत नाही. आणि अशी साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. काकूंच्या पायाचं यश त्यातच आहे, पण हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाही.

मोज्याचाही उलगडा झाला. कंबर अचानक कशाने धरते, हे ऑस्ट्रेलियात ९९९ पेशंटना विचारून पाहिलंय. अवघडलेल्या स्थितीत काम, लक्ष दुसरीकडे असताना काम, आणि वेळ सकाळी सात ते दुपारी बारा. एक पाय हवेत, कानाशी बॉस, सकाळचे आठ. मी तिन्ही विषयांत डिस्टिंक्शन.

डॉक्टरांनी गोळ्या मोजून दिल्या आणि बेडवर पडून राहायचं नाही, असा दम दिला. हा मला धक्काच होता, कारण मी दोन सीझन डाउनलोड करून ठेवले होते. पण तेही जुनंच आहे. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस बेडरेस्ट, एकाला कमरेचे व्यायाम, तिसऱ्याला सांगितलं, झेपेल तेवढं रोजचं सगळं चालू ठेवा. सगळ्यात लवकर तिसरा गट बरा झाला. म्हणून मी सहाव्या दिवशी ऑफिसात. कॉलेज रोड, तिसरा मजला, लिफ्ट दिवाळीपासून बंद. कमरेला पट्टा. इस्त्रीच्या शर्टावरून बांधलेला, कारण सहानुभूती दिसली पाहिजे.

ऑफिसात प्रत्येकाकडे एक थिअरी होती. खुर्ची बदल. गादी बदल. एचआरने तर 'सिटिंग इज द न्यू स्मोकिंग' असा मेलच सगळ्यांना टाकला. मीही मान डोलावत होतो. कंबरदुखी म्हणजे आपला, खुर्चीवाल्यांचा आजार, असं आपण सगळे धरूनच चालतो ना? तेवढ्यात जारवाला आला.

रोज येतो तो. खांद्यावर वीस लिटरचा जार, तीन मजले, आमच्याकडे पाच. पंचविशीचा असेल. जार डिस्पेन्सरवर उलटा केला आणि माझ्या पट्ट्याकडे बघून थांबला.

"सर, केवढ्याला पडला?"

"का रे भाऊ, तुला कशाला?"

"मलापण घ्यायचाय. मी टॉवेल बांधतो."

शर्ट वर करून दाखवला. कमरेला टॉवेल, घट्ट पिळून बांधलेला. किती दिवस? "मागच्या द्राक्षाच्या सीझनपासून." म्हणजे एक वर्ष. तो पेठ तालुक्यातला, पेठ रोडला खोली घेऊन राहतो. सीझनला नवरा-बायको दोघं दिंडोरीकडे बागेत जातात, पावसाळ्यात आवणीला गावी, बाकी वेळ जार. मेडिकलमधून रोज एक गोळी घेतो. डॉक्टर? "एक दिवस गेला होतो. त्या दिवशीचे जार दुसऱ्याने टाकले. पैसेपण त्यालाच." त्याच्या गावातही पायाळू आजी आहे. तिचा पाय लावून झालाय. "दोन दिवस लई बरं वाटलं सर. मग सोमवार आला."

मला सहा दिवसांची पगारी रजा, एमआरआयचं बिल मेडिक्लेमवर, आणि सल्ला, 'झेपेल तेवढंच करा.' ज्याला जारमागे पैसे मिळतात त्याने झेपेल तेवढंच कसं करायचं? तिसऱ्या मजल्यावर अर्धा जार चालत नाही.

त्या रात्री मी खुर्चीवाल्या थिअरीची जरा चौकशी केली. बसलं की मणक्यावर उभं राहण्यापेक्षा जास्त दाब येतो, हे आलंय नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरकडून. त्यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या डिस्कमध्ये सुई घालून दाब मोजला होता. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि मंडळींनी तोच प्रयोग नव्या सेन्सरने केला. माणूस एकच होता, पण सेन्सर दिवसभर आत. सैलसर बसल्यावर दाब उभं असताना होता साधारण तेवढाच, किंचित कमीच. आणि पाठ वाकवून वीस किलो उचललं तेव्हा? उभं राहण्याच्या साडेचार पट. गुडघ्यात वाकून उचललं तरी तिप्पट. वीस किलो, मंडळी. आपला जार.

आणखी एक आकडा. अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने वजन उचलण्याचं एक सूत्र केलंय. सगळं आदर्श असेल, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, कुठे वळायचं नाही, पकड चांगली आणि उचलायचंही अधूनमधूनच, तर मर्यादा २३ किलो. जमिनीवरून उचललं की ती खाली येते, वारंवार उचललं की आणखी खाली. जिना चढण्याचा तर हिशेबच त्यात नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये रोज सतरा जार चढतात. मी मोजले. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याच्या पन्नास किलोच्या गोण्या ट्रकमध्ये चढवणाऱ्या हमालांना हे सूत्र वाचून दाखवलं तर ते चहा पाजून घरी पाठवतील. आणि तेही पूर्वी शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्यांच्या मानाने सुखात म्हणायचे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला, त्याने हमालांना बोर्ड दिलं, पीएफ दिला. आमच्या जारवाल्याचं नाव अशा कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

त्यात वाकून करायची कामं धरलीच नाहीत. इगतपुरी-त्र्यंबककडे चिखलात दिवसभर कमरेत वाकून आवणी करणाऱ्या बायका, तशाच कांदा लागवडीच्या. द्राक्षाच्या विरळणीला उलटं, मांडवाखाली मान वर, हात वर, पाठ मागे. २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, २०५० पर्यंत ८४ कोटींवर जाईल असा अंदाज आहे. कामाची पद्धत, तंबाखूचं धूम्रपान आणि लठ्ठपणा ही त्यातली मोठी, टाळता येण्यासारखी कारणं. त्या ६१ कोटींत खुर्चीवाले किती आणि वाकणारे किती, याचा विचार एचआरच्या मेलमध्ये नव्हता.

खुर्चीवाल्यांचं दुखणं खोटं, असं मात्र समजू नका. मी स्वतः 'एल' झालो होतो. तासन्तास न हलणं वाईटच. पण आपल्या बाबतीत खुर्चीइतकीच आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. आपल्या ओझरला जशी एचएएल, तशी अमेरिकेत सिएटलकडे बोइंग. तिथल्या ३०२० कामगारांवर नजर ठेवून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना आपलं काम जवळजवळ कधीच आवडत नाही, त्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार करण्याची शक्यता अडीच पट. दुखणं मनाचं असतं, असा याचा अर्थ नाही. पण तीच कळ नावडत्या कामावर जास्त जड होते. माझी कंबर अप्रेझलच्या आठवड्यात गेली, हे मी बॉसला सांगितलेलं नाही. हा कॉलम तो वाचत नाही अशी आशा आहे.

माझं म्हणाल तर सध्या कृषीनगर जॉगिंग ट्रॅक. एकदा गेलेली कंबर पुन्हा जाते, पण २०२४ मध्ये ७०१ लोकांवरचा एक ऑस्ट्रेलियन प्रयोग आला: हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्याचं टार्गेट. न चालणाऱ्यांची कंबर साधारण ११२ दिवसांत पुन्हा धरली, चालणाऱ्यांची २०८. मी चाळिसाव्या दिवसावर आहे. पट्टा सोडलाय. पट्टे बांधून कंबरदुखी टळत नाही, हे अमेरिकेतल्या दुकानांत माल उचलणाऱ्या हजारो कामगारांवर २००० सालीच तपासून झालंय. तो पट्टा मी जारवाल्याला दिला आणि हेही सांगितलं. "असू द्या सर," तो म्हणाला, "टॉवेल तरी मोकळा होईल."

ऑफिसात मी विषय काढला तर आमच्या अॅडमिनवाल्याने झटक्यात सोल्यूशन दिलं. आरओ बसवू, जारची कटकटच नको. सगळे खूश. दुसऱ्या दिवशी जारवाल्याला कुणीतरी सांगितलं तर त्याने एवढंच विचारलं, "मग पाच जार गेले का आमचे?" आरओ तिथेच थांबला.

राहिली लिफ्ट. मालकांना दोन पत्रं लिहिली, उत्तर, 'पार्ट यायचाय.' मग बिल्डिंगमधल्या सहाही ऑफिसांनी मेंटेनन्सचा चेक थांबवला आणि तो पार्ट आठ दिवसांत आला. पहिल्या दिवशी जारवाला खांद्यावर जार घेऊन घामाघूम तिसऱ्या मजल्यावर हजर. म्हटलं, अरे, लिफ्ट सुरू झालीय ना? म्हणाला, खाली बोर्ड लावलाय. जाऊन बघितलं तर खरंच: 'लिफ्ट फक्त स्टाफ व व्हिजिटरसाठी. सामान जिन्याने न्यावे.'

तिसरं पत्र गेलंय, बोर्ड अजून आहे. पण वॉचमन साडेदहाला चहाला जातो, तेवढ्यात सतरा जार लिफ्टने वर जातात. वॉचमनच्या चहाचे पैसे आम्ही देतो. परवापासून सोबत खारीपण, कारण नुसता चहा दहा मिनिटांत संपतो आणि वरच्या मजल्यावरचे चार जार राहून जात होते.