हरवला होता म्हणे!

गिटार शिकायला घेऊन तीन महिने झाले, रीलला दोनशे व्ह्यूज आले आणि मग 'आपल्यात काही नाही यार' म्हणत गिटार गेली कपाटावर. तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असेलच. त्याला मिसिसिपी जॉन हर्ट ऐकवा.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला हा कृष्णवर्णीय शेतमजूर. गाव ॲव्हलॉन, नकाशात शोधावं लागेल एवढंसं. गिटार तो आपली आपणच शिकला. १९२८मध्ये ओके रेकॉर्ड्सने आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पाठोपाठ महामंदी आली आणि हर्ट परत शेतात.

पुढची गोष्ट भन्नाट आहे. १९६३मध्ये टॉम हॉस्किन्स हा गोरा तरुण चाहता 'ॲव्हलॉन ब्लूज' या त्याच्या जुन्या गाण्यातल्या गावाच्या नावावरून माग काढत थेट दारात पोचला. हर्टला वाटलं, एफबीआयचा माणूस आला! हसू नका. त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या माणसाच्या दारात अनोळखी गोरा उभा राहणं म्हणजे पोटात गोळाच. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात सत्तरीच्या आसपासचा हर्ट गायला आणि तरुण पोरं त्याच्यामागे वेडी झाली.

याला सगळे 'हरवलेला कलाकार सापडला' म्हणतात. माझं भांडण या शब्दाशी आहे. हरवला कोणासाठी? तो तर घरीच होता! शेतात राबत होता, गावातल्या नाचगाण्यांत वाजवत होता. त्याच्या घराचा पत्ताही शेवटी गावकऱ्यांनीच सांगितला. कंपनीने हिशेबाची वही मिटली म्हणून त्याचं गाणं संपलं नव्हतं.

अर्थात, त्या राबण्याचं कौतुक नको. ते पोटासाठी होतं. नाव मिळालं ते जेमतेम तीन वर्षं. २ नोव्हेंबर १९६६ला तो गेला. याचा राग यायलाच हवा.

पण आधी ऐका. अंगठा जाड तारांवर ठेका धरून चालत राहतो आणि बोटं बारीक तारांवर चाल वाजवतात. दोघं वाजवताहेत असं वाटतं. आवाज तर ओट्यावर शेजारी बसून बोलल्यासारखा. 'ॲव्हलॉन ब्लूज' १९२८चं ऐका, मग साठच्या दशकातलं. इअरफोन मात्र लावा, मोबाइलच्या स्पीकरवर तो अंगठा नीट ऐकू येत नाही.