लॉर्ड्सची तीन शतकं आणि दस्तुरी नाका

"पोरात दम असेल तर तो आपोआप वर येतो." क्रिकेटचा विषय निघाला की घरातले कुणीतरी काका हे वाक्य टाकतातच. आज मला या वाक्याशीच भांडायचंय.

दिलीप वेंगसरकर म्हटलं की आपल्याला लॉर्ड्स आठवतं. १९७९, १९८२ आणि १९८६, तीन दौरे, तीन शतकं. ११६ कसोट्या, कर्णधारपद. सगळं मान्य. पण माझ्या मते कर्नलची खरी मोठी खेळी बॅट खाली ठेवल्यावर सुरू झाली. १९९५ मध्ये त्यांनी मुंबईत ओव्हल मैदानावर अकादमी काढली. २००२ मध्ये नियामक मंडळाने देशभरातली पोरं हुडकायला एक वेगळा विभाग काढला, त्याचे ते प्रमुख झाले. कल्पना अगदी साधी होती : जुन्या खेळाडूंनी ठिकठिकाणी जाऊन सामने बघायचे आणि कोण चमकला ते कळवायचं.

२००३ साली बंगालचे माजी खेळाडू प्रकाश पोद्दार असाच एक सामना बघायला जमशेदपूरला गेले. झारखंडचा यष्टिरक्षक चेंडू असा काही हाणत होता की त्यांनी लगेच नाव कळवलं. योजनेची वयोमर्यादा १९, गडी एकविशी ओलांडलेला. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला. तो गडी म्हणजे महेंद्रसिंग धोनी!

आता काकांना माझा प्रश्न. धोनी तेव्हा रणजी खेळत होता. तरीही तो दिसायला कुणालातरी जमशेदपूरला जावं लागलं. मग आमच्या माथेरानच्या लाल मातीत खेळणारा घोडेवाल्याचा पोरगा कुणाला दिसणार? गाडी दस्तुरी नाक्याला थांबते, पुढे पायी यावं लागतं. त्या पोराने आपोआप वर यायचं म्हणजे आधी किटबॅग घेऊन नेरळला उतरायचं, मग लोकलने मुंबई गाठायची. तेही रोज. खर्च कुणी करायचा, काका?

आयपीएल संघांची माणसं फिरतात हो, पण ती मुख्यतः कुठल्या ना कुठल्या संघात आधीच पोचलेल्यांना बघतात. आणि मंडळाची ती योजना? धोनीसारखा खेळाडू देऊनही पुढे बंद पडली. मंडळाकडे पैसा नाही असं तर कुणी म्हणणार नाही. निवृत्त रणजी खेळाडूंना मानधन आणि प्रवासखर्च द्या, तालुक्यातालुक्यात पाठवा.

पोरं वर येतीलच हो. पण आधी कुणीतरी दस्तुरी नाक्यावर उतरून चालायला हवं. काय म्हणता मंडळी?