लांब कानांचा उलटा प्रवास

खेळाडूंनी एकत्र बसून, फासे टाकत, आपापल्या पात्राची भूमिका वठवत कथा रचायची अशा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या 1974 मधील अमेरिकी खेळाची तिसरी आवृत्ती 2000 साली निघाली, तेव्हा तिच्या चित्रांतील पट्ट्या-बकलांनी लगडलेले वेश आणि काटेरी चिलखते पाहून ही ‘आनिमे’ची, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटांची, छाया असल्याचा आक्षेप जुन्या रसिकांनी घेतला, परंतु त्या चित्रांतील भरीव स्नायू आणि खरबरीत पोत आनिमेच्या सपाट रंगांशी व स्वच्छ रेषेशी फारसे जुळत नाहीत, त्यामुळे हा आक्षेप घाईचाच म्हणावा लागतो. खरा ऋणानुबंध शोधायचा तर तो उलट दिशेने आधी लागतो. 1986 मध्ये र्‍यो मिझुनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच खेळाच्या नियमांनी खेळलेल्या डावाचा वृत्तांत ‘कॉम्प्टिक’ या जपानी मासिकात क्रमशः येऊ लागला, त्यातून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’ ही कादंबरीमाला व 1990 ची आनिमे मालिका जन्मली, आणि युताका इझुबुची यांनी रेखाटलेल्या, त्यातील डीडलिट या नायिकेचे आडवे, विलक्षण लांब कान जपानी कल्पनेतील एल्फ या वनवासी अद्भुत जमातीची ओळखच बनले. अमेरिकेतील ‘एक्झाल्टेड’ (2001) या अशाच भूमिका वठवण्याच्या खेळाने मात्र आनिमेचे ऋण उघडपणे मिरवले, तेथे अवाढव्य तलवारी आणि वीरांभोवतीचे तेजोवलय हे केवळ अलंकरण नसून खेळाच्या नियमांनाही आनिमेतील अतिमानवी हालचालींचे वळण आहे, आणि प्रभावाचा पुरावा म्हणून वेशभूषेपेक्षा हीच गोष्ट अधिक वजनदार ठरते.