मॅथ्यू पॅरिसची लेखणी : धैर्य कोणते, दोष कोणता?

तेराव्या शतकातील इंग्लिश मठवासी बखरकार मॅथ्यू पॅरिस याचे नाव ख्रिस्तसभेच्या इतिहासाविषयीच्या वादात दोन प्रकारे घेतले जाते. टीकाकार म्हणतात, 'पाहा, तुमच्याच मठातल्या माणसाने तुमच्या पोपची लक्तरे वेशीवर टांगली आहेत.' त्यावर आपल्यातील काही भाविक उत्तरतात, 'तो कडवट जिभेचा माणूस. त्याचे काय ऐकायचे?' माझ्या मते दोघेही चुकतात. मॅथ्यूने वरिष्ठांचे दोष दाखविले हा त्याचा अपराध नव्हे. त्याचा खरा अपराध वेगळाच आहे आणि या वादात तो सहसा उच्चारला जात नाही.

१२१७ साली मॅथ्यू लंडनच्या उत्तरेस असलेल्या सेंट ऑल्बन्सच्या बेनेडिक्टाईन मठात दाखल झाला आणि १२५९ साली मृत्यू येईपर्यंत त्याच मठाचा राहिला. वेंडोव्हरचा रॉजर या आपल्या पूर्वसुरीची बखर त्याने पुढे चालविली. तीच 'क्रॉनिका मायोरा'. तो उत्तम चित्रकारही होता. १२५५ साली फ्रान्सच्या राजाने इंग्लंडच्या राजाला भेट म्हणून पाठविलेला हत्ती त्याने आपल्या हाताने चितारला. १२४७ साली वेस्टमिन्स्टरच्या एका सोहळ्यात राजा तिसरा हेन्री याने त्याला जवळ बसवून घेतले आणि पाहिलेले सारे लिहून ठेवण्यास सांगितले. राजाच्या पंक्तीचा मान मिळूनही त्याने राजाची करवसुली व उधळपट्टी झाकली नाही. परदेशस्थ इटालियन धर्मगुरूंना इंग्लंडमधील धर्मग्रामांचे उत्पन्न वाटून देण्याच्या रोमच्या प्रथेवर त्याने कोरडे ओढले. १२५३ साली लिंकनचे बिशप रॉबर्ट ग्रोस्टेस्ट यांनी पोप इनोसंट चौथे यांच्या पुतण्याला आपल्या कथीड्रलमधील पद देण्यास नकार दिला. त्यांचे ते बाणेदार पत्रही मॅथ्यूने आपल्या बखरीत जतन केले.

हा ख्रिस्तसभेचा द्रोह म्हणायचा काय? मुळीच नाही. संत बर्नार्ड यांनी पोप युजीन तिसरे यांना कर्तव्याची जाणीव देणारा अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांना कोणी द्रोही म्हणत नाही. १५७१ साली अँग्लिकन आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी ही बखर छापून काढली आणि रोमच्या विरोधकांच्या हाती आयते शस्त्र आले, हे खरे. परंतु ते शस्त्र घडविले कोणी? दोष लिहिणाऱ्याने की दोष करणाऱ्याने? जखम झाकल्याने बरी होत नाही, ती आतून सडते.

इथपर्यंत मी मॅथ्यूचा वकील आहे. यापुढे नाही.

१२५५ साली लिंकन शहरात ह्यू नावाच्या आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाचे प्रेत विहिरीत सापडले. ज्यूंनी त्याला धर्मविधी म्हणून छळून मारले, अशी आवई उठली. एका ज्यू माणसाला जीवदानाचे आश्वासन देऊन कबुली मिळविण्यात आली आणि राजाने त्यालाही ठार करविले. एकूण १९ ज्यू प्राणांस मुकले. त्यांची मालमत्ता राजाच्या खजिन्यात गेली. मॅथ्यूने ही सारी कथा रंगवून, सत्य म्हणून लिहिली. त्याच वर्षी पैशासाठी राजाने ज्यूंवरील आपला हक्क भाऊ रिचर्ड याच्याकडे गहाण टाकला, हे ठाऊक असलेला आणि लिहून ठेवणारा हाच बखरकार! राजाच्या प्रत्येक करामागे लोभ हुंगणाऱ्या या माणसाला इथे लोभाचा वास आला नाही. आमिषाने मिळविलेली कबुली त्याला संशयास्पद वाटली नाही. उरलेल्या बंदिवान ज्यूंसाठी फ्रान्सिस्कन बंधूंनी रदबदली केली, तेव्हा त्यांनी पैसे खाल्ले असावेत ही लोकवार्ता मात्र त्याने तत्परतेने नोंदविली.

आणि आता दैवदुर्विलास पाहा. ज्या पोप इनोसंट चौथे यांच्यावर मॅथ्यूने इतके आसूड ओढले, त्याच पोपनी १२४७ साली, म्हणजे आठ वर्षे आधी, ज्यूंवरील असल्या आरोपांचा पत्रे लिहून निषेध केला होता. ज्याला त्याने लोभी ठरविले, त्याने निरपराधांची बाजू घेतली; सत्याचा कैवारी म्हणविणारा मॅथ्यू जमावाबरोबर गेला. पुढे त्याने 'हिस्टोरिया अँग्लोरम' या आपल्या संक्षिप्त ग्रंथातील थोरामोठ्यांना बोचतील असे कित्येक उतारे खोडण्याच्या खुणा समासात केल्या. लिंकनच्या ज्यूंवरील आरोप मात्र त्याच्या बखरीत तसाच राहिला. १२९० साली ज्यूंना इंग्लंडमधून हाकलून देण्यात आले. ज्यू लोकांना दोषी मानण्याची वृत्ती आपल्या ख्रिस्तसभेने १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, अधिकृतपणे नाकारली. तोवर सात शतके उलटली होती.

सुज्ञ वाचकहो, म्हणूनच लेखणीच्या धैर्याची आपली मोजपट्टी बदलली पाहिजे. बिशपांवर, सत्ताधाऱ्यांवर कोरडे ओढणाऱ्याला आपण लगेच निर्भीड म्हणतो. तशा टीकेला धैर्य लागते, हे मी नाकारीत नाही. पण तिला टाळ्याही मिळतात. मॅथ्यूच्या मठात पोपच्या कराविरुद्ध लिहिणे लोकप्रियच होते. ज्याच्या बाजूने कोणी उभे राहत नाही, अशा परक्या शेजाऱ्याविषयी आलेली भयंकर वार्ता 'थांबा, आधी पुरावा दाखवा' म्हणून अडविणे, हे अधिक अवघड धैर्य होय. आठवी आज्ञा केवळ न्यायालयातील साक्षीपुरती नाही. ती बखरीला, वृत्तपत्राला आणि ओटीवरच्या गप्पांनाही लागू आहे.

आपण या देशात अल्पसंख्य आहोत. आपल्याविषयी अफवा उठते तेव्हा शेजाऱ्याने ती पारखून घ्यावी, अशी आपली अपेक्षा असते. तीच पारख आपण इतरांच्या बाबतीत करतो काय? मॅथ्यू पॅरिसचे गुण गाताना हा प्रश्न टाळला, तर त्याची बखर आपण वाचली खरी, पण तिच्यापासून शिकलो काहीच नाही.