मृगाआधी आवाहन : यंदा जिवाणू लावल्याशिवाय सोयाबीन पेरू नका

नांदेड-लातूरच्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

मृग तोंडावर आला आहे. लोह्यापासून निलंग्यापर्यंत बियाणं आणि डीएपीची जुळवाजुळव सुरू आहे. हजारोंच्या या खर्चात रायझोबियमची छोटी बाटली मात्र हमखास राहून जाते. यंदा ती राहू देऊ नका.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. रायझोबियम जिवाणू मुळांवरच्या गाठींत राहतात, पिकाची साखर खातात आणि त्या बदल्यात हवेतलं नत्र पिकाला पचेल असं करून देतात. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद चुन्याशी बांधला जातो. स्फुरद विरघळवणारे पीएसबी जिवाणू आम्लं सोडून त्यातला काही मोकळा करतात.

मात्र हा जिवंत माल आहे. म्हणून एवढं पाळा :

• पिकाचं नाव आणि मुदतीची तारीख वाचूनच बाटली घ्या. सोयाबीनचं रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही.
• बाटली तापल्या पत्र्याखाली किंवा फवारणीच्या औषधांजवळ ठेवू नका.
• बियाण्याला बुरशीनाशक, कीटकनाशक लावायचं असेल तर ते आधी. जिवाणू सगळ्यात शेवटी.
• द्रवरूप रायझोबियम किलोला 10 मिली, म्हणजे 30 किलोच्या बॅगेला 300 मिली. सोयाबीनची साल नाजूक असते. बियाणं भिजवू नका, हलक्या हातानं चोळा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.
• हे बियाणं खतात कालवून एकाच पेटीत टाकू नका.
• 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात जिवाणू खतं तयार होतात. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात आजच चौकशी करा. पाऊस पडल्यावर धावपळ होते.

खात्री स्वतःच करून घ्या. दोन तासं जिवाणू न लावता पेरा. चाळीसेक दिवसांनी दोन्हीकडचं एकेक झाड मातीसकट अलगद उपटा, मुळं धुवा, गाठी मोजा आणि नखानं फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर गाठ कामाला लागली आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही.

आणि काढणीनंतर भुसकट पेटवू नका. मातीतले जिवाणू त्यावरच जगतात.

हे आवाहन गावच्या ग्रुपवर टाका, पारावर वाचून दाखवा. बियाण्याच्या बॅगेसोबतच बाटली घरी आणा.